दिनविशेष : २९ एप्रिल २०१६ – ‘सैराट’ झळकला

दौंडहून सोलापूरकडे निघालेल्या गाडीला भीमा ओलांडल्यावर वाटेत जेऊर लागते. दिग्दर्शक नागराज मंजुळे याच गावचे. करमाळा तालुक्यातल्या त्यांच्या ओळखीच्या परिसरातच ‘सैराट’चे बरेचसे चित्रीकरण झाले, कमलाभवानी मंदिराजवळची ९६ पायऱ्यांची विहीरही त्यात दिसते.

पडद्यावरचा नायक परशा शोधून सापडला नाही, तो दिसला रेल्वे स्थानकावर! नागराज यांच्या भावाची नजर आकाश ठोसरवर पडली. गडी तालमीत घुमणारा. कोवळा कॉलेजकुमार दिसायचा तर वजन उतरवणे आले. पैलवानाला खुराक तोडायला सांगणे म्हणजे शिक्षाच की!

संगीतकार अजय-अतुल यांचे वडील महसूल खात्यात होते. बदलीच्या नोकरीमुळे या भावंडांचे बालपण राजगुरुनगर, जुन्नर आणि आपल्या शिरूरमध्ये गेले. त्याच दोघांनी ‘सैराट’साठी थेट हॉलिवूडचा वाद्यवृंद वापरला. ध्वनिमुद्रण झाले सोनीच्या स्टुडिओत, जिथे १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चे संगीत मुद्रित झाले होते. त्यातल्या ‘झिंगाट’ गाण्यावर नाचणाऱ्या वरातींना याचा पत्ता नव्हता, आणि त्यांचे काही अडलेही नाही.

नायिका आर्ची साकारणारी अकलूजची रिंकू राजगुरू निवडीच्या वेळी सातवीत होती. राष्ट्रीय पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली. पुढे गर्दी इतकी मागे लागली, की शाळेत जाणे मुश्किल झाले. २०१७ मध्ये आर्चीने दहावीची परीक्षा बाहेरून दिली आणि ६६ टक्क्यांवर गुण मिळवले.