जकातीच्या भिंतीवरचा बाजार

फ्रान्समधल्या लियोंला गेलेली माणसं सोन नदीच्या काठावरचा सां-आंत्वानचा बाजार बघून येतात. बघावाच तो. पण मला विचाराल तर सकाळी लवकर टेकडी चढून क्रोआ-रूसला जा. तिथल्या रुंद रस्त्याच्या कडेला झाडांखाली लांबच लांब बाजार भरतो. हा बाजार जिथे उभा आहे, तिथे एकेकाळी शहराचा कोट होता.

माझं माहेर येवल्याचं. वडील मागावर बसायचे, रेशीम आणि जर व्यापाऱ्याची, हात आपले, आणि मजुरी व्यापारी म्हणेल ती. म्हणून लियोंमध्ये मला राजवाडे आणि चर्चपेक्षा विणकरांची वस्ती बघायची होती.

शहराला पैसा आणला तो जत्रांनी. १४६३ साली अकराव्या लुईने लियोंला वर्षाला चार मोठ्या जत्रा भरवण्याचा हक्क दिला. इटलीचं रेशीम तिथे येऊन विकलं जाई. १५३६ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने एत्येन तुर्के आणि बार्तेलेमी नारिस यांना लियोंमध्येच रेशीम विणण्याची सनद दिली आणि परदेशी जाणारा पैसा गावात राहू लागला. पुढे जाकारचा माग आला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नक्षी चालायची, दोऱ्या ओढणाऱ्या पोरांची गरज संपली. येवल्यात आजही ज्याला जकार्ड म्हणतात ते याच माणसाचं नाव. त्याचा पुतळा क्रोआ-रूसच्या चौकात आहे. हे माग इतके उंच की ते मावावेत म्हणून टेकडीवरच्या घरांची छतं चार मीटरवर बांधली. खिडक्याही तशाच उंच, कारण रेशमाला उजेड लागतो.

आता कोटाची गोष्ट. १८५२ पर्यंत क्रोआ-रूसचं पठार लियों शहरात नव्हतंच, ते वेगळं गाव होतं. कोटाच्या वेशीवर शहरात जाणाऱ्या मालावर जकात लागे. वरच्या बाजूला ती नसल्यामुळे तिथे दारू आणि खाणं स्वस्त. एका भिंतीने दोन भाव केले होते, आणि मजुरीवर जगणाऱ्याला त्या फरकाची किंमत कळते. विणकर वरती राहायला आले त्याचं एक कारण हेही होतं.

मजुरीचं दुखणं मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच होतं. १८३१ च्या ऑक्टोबरात सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने विणकर आणि व्यापारी यांच्यात मजुरीचा किमान दर ठरला. १०४ व्यापाऱ्यांनी तो मानायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला विणकर काळा झेंडा घेऊन टेकडी उतरले. त्यावरच्या शब्दांचा अर्थ असा होता: काम करून जगू, नाहीतर लढून मरू. दोन दिवसांत शहर त्यांच्या हातात आलं. त्यांनी लुटालूट होऊ दिली नाही, उलट पहारे बसवले. डिसेंबरात मार्शल सूल्त सैन्य घेऊन आला, ठरलेला दर रद्द झाला, आणि तो घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याला पदावरून काढलं. १८३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला. या वेळी तोफा चालल्या आणि शेकडो माणसं मेली.

त्यानंतर जे घडलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. मजुरी वाढत नाही तर निदान बाजारभाव तरी आपल्या हाती घ्यावा, असं मिशेल देरिओंला वाटलं. तो स्वतः रेशीम-व्यापाऱ्याचा मुलगा. १८३५ साली जोझेफ रेनिएच्या साथीने त्याने ग्रांद-कोत या चढाच्या रस्त्यावर, ९५ क्रमांकाच्या घरात, किराणा दुकान उघडलं. चोख माल, खरं माप, रास्त भाव. फ्रान्समधलं हे पहिलं ग्राहक सहकारी भांडार मानलं जातं. इंग्लंडमधलं रॉचडेलचं प्रसिद्ध दुकान त्यानंतर नऊ वर्षांनी उघडलं. देरिओंचं दुकान मात्र १८३८ मध्ये बंद पडलं.

कोट १८६५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने पाडला गेला आणि त्या जागी आजचा रस्ता झाला. तिथल्या एका टपरीवर बाई पसरट भांड्यातून डावाने मऊ ताजं चीज काढून देत होती. लसूण, बारीक कांदा, हिरवी पात, थोडं तेल आणि व्हिनेगर घालून ते पावाबरोबर खातात. विणकरांच्या नावाने ओळखलं जाणारं हे खाणं आज मोठ्या हॉटेलांतही मिळतं.

बाजारातून ग्रांद-कोत उतरायला लागलं की पायाखाली तीव्र उतार लागतो. विणलेला ताका खांद्यावर टाकून विणकर याच वाटेने व्यापाऱ्याच्या गादीवर जात, आणि माप, तपासणी, मजुरी हे सगळं तिथेच ठरे. देरिओंने दुकान थाटलं ते याच वाटेवर, माल देऊन परतणारा विणकर जिथून रिकाम्या पोत्यासह चढत असे.