जनरेटिव्ह एआयची उपयुक्तता आणि मौलिकता

जनरेटिव्ह एआय ही उपलब्ध मजकूर, चित्रे व ध्वनी यांवर प्रशिक्षण घेऊन त्याच प्रकारची नवी सामग्री तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. तिच्याविषयी दोन वेगळे प्रश्न उपस्थित केले जातात: तिने केलेले काम उपयोगी असते का, आणि ते मौलिक मानता येईल का? महाराष्ट्रात हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे, तर त्यामागील यंत्रणेचा मोठा भाग नवी मुंबई परिसरातील डेटा सेंटरांत उभा आहे.

पार्श्वभूमी

यंत्राच्या मौलिकतेचा प्रश्न आधुनिक संगणकाहून जुना आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावरील टिपांत एडा लव्हलेस यांनी १८४३ साली असे मत नोंदवले की, हे यंत्र स्वतःहून काही नवे निर्माण करीत नाही. त्याला जे करण्यास सांगता येते, तेवढेच ते करते. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० च्या निबंधात या आक्षेपाला उत्तर देताना, यंत्रे आपल्याला वारंवार चकित करतात, याकडे लक्ष वेधले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यावर हा प्रश्न दैनंदिन व्यवहारात आला.

कार्यपद्धती

भाषिक मॉडेल मजकुराचे लहान तुकडे करते आणि आधीच्या तुकड्यांवरून पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता अधिक आहे, याचे गणित मांडते. त्यामुळे ते पूर्वी कोणी न लिहिलेले वाक्यही रचू शकते. मात्र त्याच कारणाने ओघवते पण असत्य विधानही करू शकते. इंग्रजीच्या तुलनेत मराठीचा डिजिटल मजकूर कमी असल्याने मराठीत चुकांची शक्यता वाढते.

उपयुक्तता

अनुवाद, सारांश व मसुदालेखन यांत यंत्राचा उपयोग प्रामुख्याने मान्य केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये न्यायनिर्णयांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली सुरू केली. तिच्या भाषांत मराठीचा समावेश आहे, परंतु यंत्राने केलेले भाषांतर अनुवादक तपासतात.

तपासणी टाळल्यास काय घडते, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात दिसले. केएमजी वायर्स या कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीच्या आदेशात अस्तित्वातच नसलेल्या न्यायनिर्णयांचा आधार घेतलेला आढळला. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अर्धन्यायिक अधिकार वापरताना अशा प्रणालींच्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नये, ती पडताळून घ्यावीत, असे न्यायालयाने बजावले.

उपयुक्ततेचा हिशेब मांडताना वीज, पाणी व जमीन यांचाही विचार होतो. ऐरोली, रबाळे व महापे या ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात तसेच पनवेल येथे मोठी डेटा सेंटरे आहेत. मुंबईला येणाऱ्या समुद्राखालील केबलींची जवळीक आणि औद्योगिक जमिनीची उपलब्धता ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत.

मौलिकता

टीकाकारांच्या मते असे मॉडेल इतरांच्या लेखनाची व चित्रांची सांख्यिकीय सरमिसळ करते. त्याला अनुभव किंवा हेतू नसतो. समर्थकांच्या मते मानवी सर्जनही पूर्वसुरींच्या वाचन-श्रवणातूनच घडते आणि कृतीची मौलिकता ती घडवणाऱ्याच्या मनावरून नव्हे, तर कृतीवरूनच ठरवावी.

भारतीय कायदा मात्र माणसाचा शोध घेतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती होय. इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे नसून कौशल्य, विवेक व किमान सर्जनशीलता आवश्यक असल्याचे म्हटले. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ या चित्राची नोंदणी करताना ‘राघव’ या संगणकप्रणालीला सहकर्ता दाखवण्यात आले होते. पुढील वर्षी प्रताधिकार कार्यालयाने ही नोंदणी मागे घेण्याबाबत नोटीस बजावली.

आवाजाचे अनुकरण

एखाद्या गायकाच्या आवाजात, त्याने कधीही न गायलेले गीत तयार करता येऊ लागल्याने मौलिकतेच्या वादाला नवे वळण मिळाले. गीत नवे असले, तरी आवाज कोणाचा, हा प्रश्न उरतो. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. परवानगीवाचून आवाजाची नक्कल करणारी साधने उपलब्ध करून देणे हे कलावंताच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचे उल्लंघन असल्याचे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले.

प्रशिक्षण सामग्रीचा वाद

प्रशिक्षणासाठी इतरांचे लेखन विनापरवाना वापरता येते का, हा मुद्दा एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात उपस्थित झाला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या एका समितीने सक्तीचा परवाना व मूळ हक्कधारकांना मानधन, अशी व्यवस्था सुचवली.

हे सुद्धा पहा

* कृत्रिम बुद्धिमत्ता
* प्रताधिकार
* ॲलन ट्युरिंग
* नवी मुंबई