ऋतूंची खेळणी

शूद्रकाच्या मृच्छकटिकातील सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन रडत रंगभूमीवर येतो. दासीने त्याच्यापुढे मातीची गाडी ठेवली आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असल्याने ही आता त्याला नको आहे. पुढे वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते आणि नाटकाला नाव मिळते. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून हा प्रसंग आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. त्यावरील चर्चा बहुधा वसंतसेनेच्या औदार्यापाशी थांबते. आमचे लक्ष त्या मुलाकडे आहे. मूल आपले खेळणे दुसऱ्याच्या खेळण्याशी ताडून पाहते आणि मग हातातले नाकारते, ही गोष्ट बाजारपेठांच्या युगात निर्माण झालेली नाही, हे या प्रसंगावरून दिसते.

असे असता आपल्या घरांतून कित्येक पिढ्या खेळण्याच्या निवडीचा प्रश्न फारसा उद्भवला नाही, त्याचे कारण काय असावे? आमच्या मते कारण असे की, निवड आईबाप करीत नसत आणि मूलही करीत नसे. ती पंचांग करीत असे. ज्येष्ठात जे खेळणे मिळे ते कार्तिकात मिळत नसे, आणि मिळाले तरी त्याच्याशी खेळावयास सोबती मिळत नसे. माती भिजली म्हणजे मातीची खेळणी, लाकूड वाळले म्हणजे लाकडाची, वारा अनुकूल झाला म्हणजे कागदाची, असा तो क्रम होता. सणाने त्या क्रमाला तिथी दिली इतकेच. महाराष्ट्राच्या सीमेवर किंवा सीमेबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या दृष्टीने या क्रमाला आणखी एक महत्त्व आहे. त्यांच्या मुलांच्या हाती येणारे खेळणे बहुधा अन्य भाषा बोलणाऱ्या कारागिराने घडविलेले असे.

खेळण्यांची प्राचीनता सांगताना दायमाबादचा उल्लेख हटकून होतो. १९७४ साली तेथे सापडलेला बैलजोडीचा काशाचा रथ आणि चाकांवरील हत्ती, गेंडा व रेडा पाहून कोणालाही प्रथम खेळणेच आठवेल. परंतु या वस्तूंचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक आहे. इतकी धातू लेकराच्या हाती कोण देणार? त्या पूजेच्या किंवा मिरवणुकीच्या वस्तू असाव्यात, हे मत आम्हांस अधिक ग्राह्य वाटते. तेर येथील सातवाहनकालीन मृण्मूर्तींविषयीही तोच सावधपणा हवा. देव कोठे संपतो आणि बाहुली कोठे सुरू होते, हे मातीच्या मूर्तीवर लिहिलेले नसते. किंबहुना आपल्या ऋतुमानाच्या खेळण्यांत ही सीमारेषा कधी नव्हतीच. सकाळी ज्याची पूजा झाली तेच दुपारी अंगणात ओढले जाई.

मातीचा बैल हे त्याचे उत्तम उदाहरण. कृष्णा-घटप्रभेच्या मुलखात ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांचा सण होतो. कानडीत त्याला कारहुण्णिमे म्हणतात. कोल्हापूरकडे हाच ‘कर्नाटकी बेंदूर’, आणि महिन्याने, आषाढी पौर्णिमेस येतो तो ‘महाराष्ट्रीय बेंदूर’. एका जिल्ह्यात दोन बेंदूर सुखाने नांदतात, याची नोंद भाषिक वादांच्या इतिहासकारांनी अवश्य घ्यावी. कारहुण्णिमेनंतर पंधरा दिवसांनी ज्येष्ठी अमावास्या येते. ती उत्तर कर्नाटकात ‘मण्णेत्तिन अमावास्ये’, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या होय. मृगाच्या पावसाने माती भिजलेली असते. कुंभाराला भट्टी लावण्याचे दिवस राहिलेले नसतात, म्हणून हे बैल कच्चेच असतात. घरोघरी ते करतात किंवा आणतात, पूजतात आणि मग ते मुलांच्या ताब्यात जातात. पावसाळा संपेपर्यंत त्यांतला एकही शिल्लक राहत नाही. बेळगाव भागातील मराठी घरांनी हा बैल आपल्या कानडी शेजाऱ्यांबरोबर पूजिला आणि मोडला.

आता वऱ्हाड-नागपुराकडे वळावे. तेथे पोळा श्रावणी अमावास्येला. पेरणी, कोळपणी आटोपून खऱ्या बैलाला उसंत मिळते ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. त्यासाठी चाकांचे लाकडी बैल. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून चालत आल्याचे मानतात. त्यांच्या राज्यात असलेल्या आणि १८५४ साली इंग्रजांकडे गेलेल्या छत्तीसगडातही त्याच अमावास्येला ‘पोरा’ होतो. तेथे मुलग्यांना चाकांचा मातीचा नांदिया बैल आणि मुलींना मातीची चूल, जाते व भांडी देतात. आपली भातुकली वर्षभराची. तेथे तिला तिथी आहे. तिथीचे नाव मात्र बदलते. आपण अमान्त महिने मोजतो आणि उत्तरेकडील लोक पूर्णिमान्त. म्हणून एकाच दिवसाला मराठी कुटुंब श्रावणी अमावास्या म्हणते तर त्याचा हिंदीभाषी शेजारी भादोंची अमावास्या म्हणतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलाला दोन पंचांगांतील हा फरक गणिताच्या पुस्तकात शिकवावा लागत नाही, घरातच कळतो.

तथापि पंचांगाच्या या निवडीने गरीब-श्रीमंतांतील भेद पुसला, असे कोणी समजू नये. नागपुरात संपन्न घराण्यांचे लाकडी बैल मुलाहून उंच असत, नक्षीदार असत, पिढीजात जपले जात. आणि त्याच मिरवणुकीत कोणाचा बैल वीतभर असे. रोहसेनाला रडावयास तेथेही जागा होती. फरक इतकाच की, त्या दिवशी प्रत्येकाच्या हाती असे तो बैलच. ज्याच्याजवळ वीतभर बैल आहे तो मिरवणुकीबाहेर राहत नसे.

दक्षिण कोकण आणि गोमंतकात मात्र खेळण्यांचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो. तेथील दुकान म्हणजे जत्रा. कार्तिकापासून देवळोदेवळी जत्रा लागतात, तोवर सावंतवाडीच्या चितार आळीत कामाला उधाण आलेले असते. पांगाऱ्याचे लाकूड वजनाला हलके आणि हत्याराला मऊ. पण ते नीट वाळले नाही तर रंगाखाली तडकते. कातलेल्या खेळण्यावर लाख चढवण्याची रीत मोठी चतुराईची आहे. फिरत्या सांगाड्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणतात. पांगुळगाडा, खुळखुळा, भोवरा, भातुकलीची भांडी आणि हुबेहूब केळी, सीताफळे, वांगी हा तेथला माल. गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे लाखकामही प्रसिद्ध आहे. सावंतवाडी आणि गोवे या कलेच्या दृष्टीने एकमेकांपासून दूर नाहीत. पोर्तुगीज सत्ता आणि वाडीकर भोसले यांच्या लढायांचे वृत्तान्त आपण वाचतो. त्या सरहद्दीवरून मुलांचे भोवरे कसे ये-जा करीत होते, याकडे कोणी पाहिले नाही. पुढे ही कला मरणपंथाला लागली असता राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिरांना राजवाड्यात बोलावून गंजिफांसह तिला पुन्हा उभे केले.

घाट चढून गोकाकला गेले की लाकूड बदलते. तेथील रंगीत फळे, भाज्या आणि बाहुल्या जिनगर-चित्रगार कारागिरांच्या हातच्या. तुंगभद्रेच्या बाजूला किन्नाळचे खेळणे ज्या लाकडाचे, त्याला कानडीत ‘पोलकी’ म्हणतात. तिकडे आंध्रातील कोंडपल्लीचे आणि तेलंगणातील निर्मळचे खेळणे ज्या लाकडाचे, त्याला तेलुगूत ‘पोनिकी’ म्हणतात. झाड एकच! ते कोरड्या डोंगराळ जंगलात वाढते, त्याचे लाकूड पांगाऱ्यासारखेच हलके. निर्मळचे नक्काश चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा एकत्र मळून त्याने जोड बुजवतात व मग रंग देतात. निर्मळ हे गोदावरीच्या उत्तरेस, नांदेडहून फार लांब नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तोपर्यंत हा सारा एकाच राज्याचा मुलूख होता. राज्यपुनर्रचनेने १९५६ साली नकाशावर रेघा ओढल्या, तरी खेळणे घडविणाराची भाषा एक आणि खेळणाराची दुसरी, ही स्थिती त्या आधीपासूनचीच होती.

तंजावरास तर ती अधिक स्पष्ट दिसते. १६७६ ते १८५५ पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य होते. तेथली बुडाशी जड, डोके हलविणारी, कशीही ढकलली तरी उठून बसणारी बाहुली आजही तमिळ कारागीर घडवितात, आणि नवरात्रात बाहुल्यांच्या मांडणीत ती तमिळ घरांत जशी दिसते तशी तंजावरी मराठी घरांतही दिसते.

ग्वाल्हेरकडे वैशाखाचे खेळणे म्हणजे कापडी किंवा मातीचा नवरा-नवरी. अक्षय्यतृतीयेला, बुंदेलखंडी बोलीत ‘अकती’ला, मुली बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात, आणि या जोडीची विक्री त्याच सुमारास होते. लग्नसराईत घरोघरी खरी लग्ने चाललेली असताना मुलींना हे खेळणे द्यावे, ही निवड कोणा शिक्षणतज्ज्ञाने केलेली नाही. पण तिच्यामागे मुलांच्या मनाची समज आहे, हे नाकारता येत नाही. त्या समजेला एक काळी बाजूही होती. ज्या काळी आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे स्वतःचेच लग्न होई, त्या काळी बाहुलीचे लग्न ही तालीम होती, खेळ नव्हे.

माळव्यात संक्रान्तीला विटी-दांडू निघतो. वडोद्यात त्याच दिवशी आकाश पतंगांनी भरते. इंदूरची तारेच्या सांगाड्यावर कातडे मढविलेली जनावरे ही या यादीत जरा वेगळी पडतात. त्यांना ऋतू नाही, आणि ती खेळण्यापेक्षा दिवाणखान्यात ठेवण्यासाठीच अधिक घेतली गेली. शहरे आणि संस्थाने जेथे आली तेथे खेळणे पंचांगातून सुटू लागले, असे दिसते. वडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातील मुलांसाठी चिमुकली आगगाडी धावत होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या मेजवानीच्या मेजावर तर चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरे. मोठ्यांच्या या खेळण्यालाही ऋतू नव्हता, हे सांगणे नलगे.

पंचांग सर्वांत शेवटपर्यंत ज्याला सोडीत नाही असे खेळणे म्हणजे दिवाळीचा किल्ला. तो विकत मिळत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे. माती, दगड, पोते, वर हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ. बाजारातून आणावयाची ती फक्त कुंभाराकडची चित्रे — शिवाजीमहाराज, मावळे, एखादा वाघ, एखादी गवळण. प्रमाणाचा विधिनिषेध नसतो. मावळ्यापेक्षा कोंबडा मोठा असला तरी गडाची व्यवस्था बिघडत नाही. बेळगावात हा किल्ला मोठ्या ईर्ष्येने बांधतात. १९५६ साली ते शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतर त्या मातीच्या बुरुजांना मुलांच्या आईबापांनी एक नवा अर्थ दिला. त्या अर्थाचा आम्ही अनादर करीत नाही. पण त्याच अंगणात, त्याच मातीचा, चार-पाच महिन्यांपूर्वी कानडी शेजाऱ्यांबरोबर केलेला बैल पावसात विरघळलेला असतो, हेही किल्ल्याच्या इतिहासात लिहिले पाहिजे.

हा क्रम मोडला कसा? प्रथम जर्मनीची आणि जपानची पत्र्याची खेळणी आली, मग सेल्युलॉइडच्या बाहुल्या, मग प्लास्टिक. किल्लीच्या मोटारीला ज्येष्ठ-आषाढ नाहीत. ती बारा महिने दुकानात असते. म्हणून ती केव्हा द्यावी आणि केव्हा नाकारावी, हा भार प्रथमच आईबापांवर पडला. मुलालाही ती केव्हाही मागता येऊ लागली. हा बदल केवळ वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पत्र्याच्या आगगाडीने अनेक मुलांना यंत्राची गोडी लावली आहे. परंतु ती आणल्यावर कारागीर दिसेनासा झाला. बैल कसा होतो हे मूल पाहत होते. मोटार कशी होते हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते.

या बाबतीत ताराबाई मोडकांचे कार्य शिक्षकांनी पुन्हा पाहावे. ताराबाईंचे लहानपण इंदुरात गेले; १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या, आणि १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला त्यांनी मॉन्टेसरींची पद्धती आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. परदेशी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, माती आणि बांबू ही साधने घेतली. लोक याकडे काटकसर म्हणून पाहतात. आम्हांस त्यात याहून अधिक दिसते. बिया ज्या महिन्यात पडतात त्याच महिन्यात त्या मोजण्यास घ्यावयाच्या, म्हणजे निवड पुन्हा ऋतूकडे द्यावयाची.

आज सावंतवाडी, किन्नाळ, निर्मळ, कोंडपल्ली, तंजावर आणि इंदूर या ठिकाणच्या कारागिरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यामुळे नावाचे संरक्षण होते. पोनिकीचे झाड त्यामुळे वाढत नाही, ते लावावेच लागते. पोळ्याच्या बाजारात प्लास्टिकचे बैलही येऊ लागले आहेत. ते पावसात विरघळत नाहीत, म्हणून पुढील वर्षी नवा घेण्याचे कारण उरत नाही, आणि कुंभाराकडे जाण्याचेही. मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७ च्या कोशांत भोवरा, भिंगरी, खुळखुळा, पांगुळगाडा, वावडी हे शब्द शेतीच्या आणि देवधर्माच्या शब्दांइतक्याच आस्थेने नोंदले आहेत. यांपैकी वावडी म्हणजे पतंग, हे आता वर्गात सांगावे लागते.