शिडाचा दोरा

आम्हां कोळ्यांचा इतिहास होडीइतकाच दोऱ्यावर तरलेला आहे. न्हावा शेव्याच्या खाडीत यंत्रनौका येण्यापूर्वी होड्या शिडावर चालत. सुती शीड शिवताना दोऱ्याची जाडी पारखावी लागे. बारीक दोरा वाऱ्याच्या ताणाने तुटे. अतिजाड दोऱ्यास मोठी सुई लागे, आणि तिच्या छिद्रांनी कापडच दुर्बळ होई. म्हणून शिवण कापडाहून किंचित कमी बळकट असावी, हे तत्त्व. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. फाटलेले शीड पूर्ववत होत नाही.

सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. तो वाढला की सूत बारीक. पुढे १९३५ साली अमेरिकेत जन्मलेले नायलॉन आपल्या जाळ्यांत आले आणि हिशेब उलटला. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. तो वाढला की धागा जाड. ज्या बोटांनी सूत पारखले, त्यांनीच हा नवा हिशेबही आत्मसात केला.

१९८९ साली शेवा येथे बंदर सुरू झाले. त्यापायी शेवा कोळीवाड्यास आपले स्थान सोडावे लागले. स्थान गेले, तरी विद्या जाऊ नये. तरुणांनी वृद्धांपाशी बसून ती लिहून घ्यावी, एवढीच आमची विनंती.