खाडीचा काळा चिखल आणि डीडीटी

मानखुर्द सोडून गाडी वाशीच्या पुलाकडे निघाली की दोन्ही बाजूंना कांदळवन लागतं. ओहोटी असेल तर काळाकुट्ट चिखल दिसतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. डब्यातले लोक नाकाला रुमाल लावून देवनारच्या डम्पिंगला शिव्या देतात. डम्पिंगचा वाटा असेलच, पण चिखलाचा स्वतःचा वासही तोच. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याला लोखंड भेटलं की काळं आयर्न सल्फाइड बनतं. लोखंडाला तोटा नाही, आपला सगळा बेसॉल्ट लोहयुक्त!

आता थोडा इतिहास. डीडीटी १८७४ साली प्रयोगशाळेत तयार झालं, पण ते किडे मारतं हे पॉल म्युलरला १९३९ मध्ये कळलं. १९४८ चं नोबेल त्यालाच. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा, ८ लाख मरायचे. १९५३ मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली, १९५४ मध्ये हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स स्थापन झाली (पुढे आपल्या रसायनीतही तिचा कारखाना आला) आणि साठीच्या दशकाच्या मध्याला रुग्ण १ लाखाच्या आसपास आले. तेव्हा डीडीटीला सरसकट खलनायक ठरवण्याआधी हा आकडा आठवावा, असं मला वाटतं.

पण डासही शहाणे झाले. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर! आणि फवारलेलं डीडीटी गेलं कुठे? ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतं, पावसाबरोबर वाहतं आणि शेवटी खाडीत बसतं. मानखुर्दच्या शेजारच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावरच्या डीडीटीबद्दल निबंध प्रसिद्ध केला. शेतीसाठी त्यावर १९८९ मध्येच बंदी आली होती.

इथे लोखंडाची एन्ट्री. क्लोरीनयुक्त कीटकनाशकं धातूंनी मोडण्याचं पेटंट अमेरिकेत १९७२ मध्येच निघालं होतं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात भूजलाचे नमुने घेण्याच्या साहित्याची चाचणी चालू असताना दिसलं, की धातूच्या सहवासात पाण्यातली क्लोरीनयुक्त रसायनं गायब होतायत. आपल्यासारख्याने बग म्हणून तिकीट बंद केलं असतं. गिल्हमने तोच उपाय केला. १९९१ मध्ये त्याच्या गटाने बोर्डेन इथे जमिनीत लोखंडाच्या किसाची आणि वाळूची भिंत घातली, आणि त्यातून झिरपणारं दूषित पाणी बरंचसं शुद्ध झालं.

म्हणजे होतं काय, तर लोखंड इलेक्ट्रॉन देतं, ते घेऊन क्लोरीन सुटा होतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. शुद्ध लोखंडच लागतं असं नाही. मॅग्नेटाइट आणि आयर्न सल्फाइडसारखी खनिजंही हे काम करतात, फक्त हळू. म्हणजे आपला काळा चिखल म्हणजे एक फुकटचा रिअ‍ॅक्टरच!

पण थांबा, टाळ्या नकोत. डीडीटीत पाच क्लोरीन असतात. तीन एका कार्बनवर, ते त्यातल्या त्यात सोपे. उरलेले दोन बेन्झीनच्या कड्यांवर, तिथे लोखंडाची डाळ सहसा शिजत नाही. पहिल्या पायरीवर डीडीडी मिळतं, तेही विषारीच. आणि हा चिखल उपसून उन्हात टाकला, की आयर्न सल्फाइडला हवा लागून ते गंजतं. इलेक्ट्रॉन देणारंच संपलं, मग पुढचं काम कोण करणार?

म्हणून कांदळवनात भराव टाकणं म्हणजे नुसती झाडं मारणं नव्हे. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीला चाप लावला, २०१८ मध्ये तो कायम केला. त्या निकालांमुळे पक्षी वाचतात, मासे वाचतात हे आपण ऐकतो. आपल्या आजोबांच्या पिढीने फवारलेलं बिल हळूहळू का होईना चुकतं करणारा चिखलही त्यातच वाचतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

असो. वास मात्र सहन करावाच लागेल, मंडळी :)