श्टिफ्टरचा बर्फ आणि बालकवींचा डोह

निसर्गावर लिहिणारा माणूस माणसांपासून पळतो, हा शेरा आपल्या खानदेशच्या बालकवींबद्दल अजून ऐकू येतो. ऑस्ट्रियाच्या आडाल्बर्ट श्टिफ्टरलाही तो ऐकावा लागला होता. नाटककार हेबेलने तर भुंगे आणि रानफुलं रंगवणारे म्हणून त्याची टर उडवली. श्टिफ्टरने उत्तर दिलं ते 1853 साली, ‘रंगीत दगड’ या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत. गरीब बाईच्या भांड्यातलं दूध ज्या शक्तीने उतू जातं, तीच शक्ती ज्वालामुखीत लाव्हा उसळवते. मग एक लहान आणि दुसरी मोठी कशी? 1848 ची क्रांती नुकतीच फसली होती, व्हिएन्नात रक्त सांडलं होतं. मोठ्या आवाजाची धास्ती घेतलेल्या माणसाचं हे लेखन आहे, असं आम्हाला वाटतं.

त्याच संग्रहातली ‘स्फटिक’ ही कथा पाहा. डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावं, मध्ये खिंड. पलीकडच्या गावची मुलगी इकडच्या चांभाराला दिलेली. वर्षं लोटली, तरी गावाच्या लेखी ती परकीच, आणि तिची पोरंही निम्मी परकी. (सासुरवाशिणीचं हे दुःख आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको!) नाताळच्या आदल्या दिवशी ही दोन मुलं आजीकडून परत निघतात आणि बर्फ पडू लागतो. खिंडीत वाटेची खूण म्हणून लाल खांब असायचा, तो नेमका पडलेला. वाट चुकली. मुलं हिमनदीवर चढतात. आजीने आईसाठी दिलेल्या कडक कॉफीवर रात्रभर जागी राहतात, म्हणून वाचतात. कथेत खलनायक नाही, भांडण नाही. बर्फ पडतो, एवढंच. पण दोन्ही गावं शोधायला बाहेर पडतात, आणि त्या दिवसापासून आई त्या गावची होते. जे माणसांना इतक्या वर्षांत जमलं नाही, ते एका रात्रीच्या बर्फाने केलं.

आता आपल्याकडे या. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म 1890, धरणगाव. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पदवी गोड खरी, पण आमच्या मते तिने घात केला. ‘फुलराणी’ पाठ झाली, आणि ‘पारवा’ लिहिणारा कवी मागे राहिला. ‘औदुंबर’ तर जेमतेम आठ ओळींची. गाव, शेतं, हिरवळ, आणि त्यातून जाणारी पायवाट, जी काळोख्या पाण्याशी जाते. त्या वाटेवर एकही माणूस नाही. तरी वाट आहे म्हणजे कुणीतरी चाललंय ना? इथे निसर्ग शोभेला नाही, बरं का. श्टिफ्टरच्या वाटेवर निदान हाका मारत लोक आले. या वाटेवर कुणी येत नाही, आणि झाड पाण्यात पाय सोडून बसून आहे. आम्हाला तर ही कविता श्टिफ्टरच्या कथेहून कठोर वाटते.

1868 मध्ये आजारी श्टिफ्टरने गळ्यावर वस्तरा फिरवला. 5 मे 1918 ला भादली स्टेशनाजवळ बालकवी रेल्वेखाली गेले. अपघात की आणखी काही, यावर आजही वाद घालतात. या मरणांवरून उलटं वाचत कविता लावू नये. डोह त्याआधीच लिहून झाला होता.