रत्नागिरीचा तोतया आणि बाबांचं सिमकार्ड

आज आपल्याला पानिपतावरून रत्नागिरीच्या किल्ल्यात यायचंय. पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी बाबांच्या फोनचं नेटवर्क गेलं. आमच्याकडे जरा वारा सुटला की टॉवर जातो, त्यामुळे दुपारपर्यंत कुणी लक्ष दिलं नाही. मग कळलं, की कुणीतरी बाबांच्या आधारची झेरॉक्स दाखवून त्यांच्याच नंबरचं नवीन सिम काढून घेतलंय. मी माझ्या फोनवरून कस्टमर केअरला लावला. पलीकडून उत्तर, "सर, तुमच्या रजिस्टर्ड नंबरवरून कॉल करा." अहो, तोच तर चोरीला गेलाय!

मग प्रश्न सुरू. जन्मतारीख? शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा? बाबांना आठवेना, कारण रिचार्ज नेहमी मी करतो. झालं, खरा माणूस नापास. दुकानात गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये केवायसी ओके दिसतंय." म्हणजे झेरॉक्सवाला ओके, आणि समोर उभे असलेले बाबा संशयित.

सिम बदललं की २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत, असा नियम आहे. मूळ मालकाला सावध व्हायला तेवढा वेळ मिळावा म्हणून. आमचे ते २४ तास रांगेत आणि होल्डवरच्या गाण्यात गेले. आधी बँकेला फोन करावा हे मलाही, बीटेक असून, सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी चाळीस हजार गेले. वर 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे' हा मेसेज कुठे पोचला असेल? रजिस्टर्ड नंबरवर. चोराच्या हातात.

त्या रात्री मला आपल्या गावची एक जुनी केस आठवली. आता तिकडे जाऊ.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. काशिराजाच्या बखरीत असं येतं, की सापडलेल्या धडाला शिर नव्हतं आणि अंगावरच्या जुन्या खुणांवरून ओळख पटवावी लागली. हे सगळं घडलं शेकडो कोस लांब उत्तरेत. पुण्यात त्यांच्या पत्नी पार्वतीबाई. त्यांनी ती बातमी कधीच खरी मानली नाही.

चारएक वर्षांनी उत्तरेत एक माणूस उभा राहिला. म्हणाला, मीच भाऊसाहेब. दिसायला भाऊंसारखा. त्याला पकडून पुण्याला आणलं. माधवराव पेशव्यांनी चौकशी केली. भाऊंना जवळून ओळखणारी माणसं पुण्यात होती, त्यामुळे सोंग उघडं पडलं. हा निघाला बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, सुखनिधान. त्याला कैदेत टाकलं, एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर हलवलं, आणि शेवटी तो आला आपल्या रत्नागिरीत.

आता इथे थांबा. ओळख तपासली गेली होती, निकाल लागला होता, नोंद झाली होती. सिस्टीम बरोबर होती. मग घोळ कुठे झाला?

१७७२ मध्ये माधवराव गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादीवर तान्हं मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, नाना फडणवीस आणि बाकीचे कारभारी त्याच धावपळीत. अशात फेब्रुवारी १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्यालाच बाहेर काढलं आणि जाहीर केलं, हेच भाऊसाहेब!

बघता बघता हजारो माणसं जमली. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडे गेले. तोतया घाटाच्या तोंडाशी, बोरघाटापर्यंत पोचला. तेव्हा पुण्याचे डोळे उघडले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याला मोडलं. तो किनाऱ्याकडे पळाला, तिथे रघोजी आंग्र्यांनी धरला. पुण्यात पुन्हा चौकशी, पुन्हा तोच निकाल. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त दिला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावरचं.

लोक फसले कसे, असं आपण सहज म्हणतो. पण भाऊ उत्तरेकडे निघाले १७६० मध्ये. मधे सोळा वर्षं गेलेली, फोटो नाही. कोकणात त्यांचा चेहरा जवळून पाहिलेली माणसं किती असणार? शिवाय पानिपतावरून न परतलेली माणसं घराघरात होती. भाऊसाहेब परत आले म्हणजे आपलाही कुणी येईल, असं वाटलं तर त्यांना वेडं म्हणायचं का?

मला विचाराल तर खरी चूक वेगळी होती. पुण्याकडे नोंद होती, रत्नागिरीकडे किल्ली होती. आणि दार उघडतं ते किल्लीने. किल्लीवाल्याने ठरवलं की हा खरा, तर दफ्तरातला कागद काय करणार? बाबांचंही तेच झालं. नियम चांगले होते, पण काउंटरवरच्या एकाने झेरॉक्सकडे बघून 'ओके' दाबलं. त्यानंतर सगळी यंत्रणा त्या 'ओके'च्या बाजूने उभी राहिली.

आणि ज्याचं खरं नुकसान, त्याला कुणी विचारत नाही. तोतयाचं प्रकरण पुण्याच्या दफ्तरात १७७६ मध्ये मिटलं. पार्वतीबाईंचं मिटलं नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत सौभाग्याची लेणी त्यांनी उतरवली नव्हती. नवरा गेला हे पटेल असा पुरावा त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

बाबांचा नंबर अकरा दिवसांनी परत मिळाला, पैसे अजून नाहीत. तुमच्यावर वेळ आली तर आधी बँकेला सांगून खातं गोठवा, मग १९३० ला तक्रार करा, कस्टमर केअर त्यानंतर. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर दिसतं. आज रात्री आई-बाबांचं बघून घ्या.

बाबा आता संध्याकाळी किल्ल्यावर भगवतीच्या देवळापर्यंत फिरायला जातात. परवा बुरुजापाशी उभे राहून म्हणाले, "त्या तोतयाला निदान समोर उभं करून विचारलं रे दोनदा. मला एकदाही नाही."

भेटू पुढच्या भागात.